थोरलीची काडी

थोरली उपाशी आहे, असं दादाचं म्हणणं. थोरली तहानली आहे, असं बाळचं. हे त्यांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. दोघांनी वेगवेगळा फोन करून ताईला सांगितलं होतं, आणि शेवटी दोघांच्या तोंडी एकच वाक्य आलं होतं, "तू ये, आणि त्याला समजाव."

म्हणून ताई आली. पाळी संपवून, नर्सचा गणवेश पिशवीत कोंबून, मिळेल त्या बसनं. रोपवाटिकेच्या फाटकात पाऊल टाकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत झोप होती आणि हातात आईसाठी घेतलेला गुडघ्याचा पट्टा. फाटकावर नानांच्या हातची पाटी अजून तशीच होती, 'आमचं कलम वाळत नाही'. रंग उडाला होता, अक्षरांचा तोरा उडाला नव्हता.

फाटकापासून सुतळी सुरू व्हायची. वाटणी झाली तेव्हा ताणलेली. नाना गेल्यावर बाळला बाहेरून तयार रोपं आणून विकायची होती, दादाला हातानं बांधलेल्या कलमांखेरीज फाटकाच्या आत काही नको होतं. त्यातून शब्द वाढला, आणि शब्द थांबले तेव्हा ही सुतळी आली. डाव्या हाताला दादाच्या कुंड्या आणि त्यांच्यावर मांडवासारखी घातलेली जुनी हिरवी जाळी, उजव्या हाताला बाळच्या पिशव्या आणि नवी पांढरी जाळी. सुतळी सरळ येत येत अंगणाच्या मधोमध थोरलीपाशी पोचायची, तिच्या बुंध्याला एक वेढा घालायची आणि घराच्या दोन दारांच्या मधल्या भिंतीवर जाऊन खिळ्याला अडकायची. झाडाचे दोन भाग कसे करायचे हे कुणाला सुचलं नव्हतं. पाणी दादानं घालायचं, खत बाळनं, एवढं ठरवून दोघं गप्प झाले होते, ते आजवर गप्पच होते.

थोरली म्हणजे नानांची जास्वंद. दोन झाडांच्या फुलांची स्वतःच्या बोटांनी गाठ घालून, बी धरून, त्या बियांतून जगलेलं एकुलतं एक रोप. घरात पोरं मागाहून आली, म्हणून ती थोरली. तिचं फूल सकाळी हळदीचं, दुपारी केशरी आणि दिवेलागणीला असं तांबडं व्हायचं, की बघणाऱ्याला वाटावं, आता काहीतरी बोलेल. एका दिवसाचं आयुष्य, पण तीन वयं जगून जायचं.

लोक लांबून यायचे, काडी मागायचे. नाना फूल खुडून हातावर ठेवायचे. "फूल न्या. काडी मागू नका. थोरलीची काडी घराबाहेर जात नाही."

ताईनंही मागितली होती एकदा. लग्न होऊन निघाली त्या दिवशी. नाना चाकू पुसत बसले होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. "ती इथलीच," एवढंच म्हणाले होते आणि उठून जाळीत गेले होते. त्यांनी बाकी पुष्कळ दिलं, एका गाडीत मावणार नाही एवढं. पण मागितलेलं न मिळाल्याचं कुसळ असतं. दिसत नाही, हात फिरवला की टोचतं.

आता ती थोरलीसमोर उभी राहिली आणि तिला आधी नानाच आठवले, शेवटच्या दिवसांतले. पानं पिवळी, कडा मऊ पडलेल्या. फांद्यांच्या टोकांनी मान टाकलेली. बुंध्याभोवती कळ्यांचा सडा, उमलायच्या आधीच गळलेल्या, मिटल्या मुठीसारख्या.

"वन्सं, चहा आमच्याकडे बरं का!" डावीकडच्या दारातून वहिनी म्हणाली.

"ताई, मी केव्हाचा टाकलाय," उजवीकडच्या दारातून मास्तरीण. ही बाळची बायको. शाळेत शिकवायची म्हणून घरानं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हेच नाव लावलं होतं.

ताईनं दोन्ही दारांकडे पाहिलं. "दोन्हीकडे घेते. आज झोपायचं नाहीच ना कुणाला?"

*

बैठक अंगणातच भरली, कारण एकाच्या घरात दुसरा येणार नव्हता. सुतळीच्या अलीकडे दोन खुर्च्या, पलीकडे दोन. आईनं आपली खुर्ची स्वतः ओढत आणली आणि अशी ठेवली, की दोन पाय डावीकडे, दोन उजवीकडे.

"आई, जरा सरक ना," दादा म्हणाला. "सुतळी दबतेय."

"दबू दे. तुम्हा दोघांच्या वेळी बाळंत होताना मी कुणाला म्हटलं नाही, जरा सरक."

मास्तरीण तोंडाला पदर लावून हसली. वहिनीलाही हसू येत होतं. दादाकडे बघून तिनं ते गिळलं.

"ताई, त्याला सांग," दादानं सुरुवात केली. त्याचा आवाज नानांसारखा जड होता, फक्त नाना कमी बोलायचे. "त्याच्या बाजूची फांदी आधी वाळली. खत घालायचं काम कुणाचं होतं? ठरलं होतं ना?"

"आणि त्याला सांग," बाळ म्हणाला. बाळच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, तरी नाव बाळच. "खत मी मुठीनं मोजून घातलंय. पाण्याचं काय? पानं अशी का लोंबतायत? तहानेनंच ना? आंधळ्यालाही दिसेल."

"त्याला म्हणावं, पाणी रोज सकाळी जातं."

"त्याला म्हणावं, एवढ्या मोठ्या झाडाला एका झारीनं घसासुद्धा ओला होत नाही."

"मी काय टपालपेटी आहे का रे?" ताई म्हणाली. "दोन हातांवर बसलाय दोघं. ओरडलात तर एकमेकांच्या चहात थुंकी पडेल."

कुणी हसलं नाही. ताई उठली, थोरलीपाशी उकिडवी बसली. दुखणाईताचा हात हातात घ्यावा तसं तिनं एक पान घेतलं, दाबलं. थंड लागलं, आणि गिळगिळीत. तिच्या कपाळावर आठी पडली. तहानलेलं पान कुरकुरीत होतं. हे फुगून मेलेलं होतं.

"मुळं बघू या," ती म्हणाली.

"कुदळ लावायची नाही." दादा उठलाच. "नानांनी कधी हिच्या बुंध्याशी..."

"लाव," आई म्हणाली.

"आई!"

"नाना असते तर मी त्यांच्याशी भांडले असते. ते नाहीत, तर तुझ्याशी कशाला भांडू? लाव गं, ताई."

कुदळ घातली, आणि घातल्याबरोबर आत गेली. लोण्यात जावी तशी. माती वर आली ती काळी, चकचकीत, आणि तिला फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा वास येत होता. दुसऱ्या घावाला कुदळीला काहीतरी अडकलं. ताईनं ओढलं. काळी बारीक नळी निघाली, बोटाहून बारीक; ती पाचोळ्याखालून ओढत ओढत निघाली, सुतळीखालून गेली, आणि थेट बाळच्या टाकीपाशी जाऊन थांबली. तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पडला. दुसरा लोंबला.

सगळ्यांनी बाळकडे पाहिलं. बाळनं स्वतःच्या चपलांकडे.

"ठिबक आहे," तो पुटपुटला. "थेंबथेंबच. काय ते... कायम चालू असतं. दादाचं पाणी कमी पडायचं, म्हणून."

"चोरून?" दादाचा चेहरा तापला. "माझ्या पाळीत, चोरून?"

"चोरून घेतलं नाही ना! घातलं!"

दादा पुढं काही बोलणार, तेवढ्यात वहिनी खुर्चीत चुळबुळली. "अहो, त्यांना बोलू नका."

"का?"

"मी पण दुपारी एक बादली घालते."

दादा बायकोकडे बघतच राहिला. या बाईनं त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा त्याला सांगितल्याशिवाय लावलं नव्हतं. "तू? कधीपासून?"

"तुम्ही विसरता म्हणून."

"मी एक दिवस विसरलो नाही!"

"ते मला काय माहीत? तुम्ही कुठं सांगता काही?"

मास्तरीण सरसावून बसली, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखी आणि तितकीच घाबरलेली. "मुलांच्या बाटल्यांत पाणी उरतं. शाळा सुटली की मी ते एका डब्यात ओतून आणते. वाया कशाला घालवायचं? संध्याकाळी हिलाच घालते."

"किती मुलं वर्गात?" ताईनं विचारलं.

"खूप आहेत हो," मास्तरीण बारीक आवाजात म्हणाली.

मग सगळ्यांची नजर हळूहळू, आपोआप, मधल्या खुर्चीकडे वळली.

"माझ्याकडे काय बघता?" आई म्हणाली. "मी काही पाणीबिणी घालत नाही." तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. "तांदूळ धुतलेलं तेवढं. आणि डाळीचं. आणि सकाळी चूळ भरते ती इथंच."

आधी ताई हसली. मग मास्तरीण, मग वहिनी, मग बाळ. दादानं ओठ घट्ट दाबून धरले होते, पण त्याचे खांदे हलत होते. इतक्या दिवसांत त्या अंगणात डावं-उजवं एकदम हसलं नव्हतं.

"अरे देवा," ताईनं डोळे पुसले. "पाजून पाजून बुडवलीत की रे हिला! पानं लोंबली की तुम्ही पाणी घालायचं, पाणी घातलं की मुळं कुजायची, मुळं कुजली की पानं लोंबायची."

तिनं मातीतून एक मूळ उचललं. साल मोज्यासारखी निघून तिच्या हातात आली आणि आतला दोरा खाली लोंबत राहिला.

हसू तिथंच विरलं.

*

काय करायला हवं ते दादाला कळलं होतं. हे मूळ पाहिल्यावर कुठल्याही माळ्याला कळावं. मुळं एवढं अंग पेलणार नव्हती. वरचं सगळं छाटून टाकायला हवं होतं, कुजलेलं कापून बुंधा कोरड्या मातीत बसवायला हवा होता. आणि तरीही ती जगेल याची खात्री नव्हती. दुसऱ्या कुठल्या झाडाबद्दल गिऱ्हाइकानं विचारलं असतं, तर त्यानं हातातला चहा न ठेवता हे सांगितलं असतं.

"काड्या घेऊ," बाळ म्हणाला. तो ताईकडे बघून बोलत होता, पण सांगत दादालाच होता. "आजच. जेवढी होतील तेवढी कलमं बांधू. ती गेली तर तिचं काहीतरी राहील."

"नानांनी कधी तिची काडी..." दादा म्हणाला आणि थांबला. त्याचं त्यालाच ते वाक्य झिजलेलं वाटलं.

"बाळभावजी बरोबर बोलतायत," वहिनी म्हणाली. सगळे चमकले, सगळ्यांत जास्त बाळ. "रागावा माझ्यावर. पण मेल्यावर नियम कुणाला लावणार तुम्ही? सरपणाला?"

"पण मोठ्या भावजींचंही खोटं नाही," मास्तरीण म्हणाली, आणि आता बाळचं तोंड उघडं राहिलं. "सगळं छाटलं आणि एकही कलम लागलं नाही तर? आज निदान पानं तरी आहेत. मला भीती वाटते."

म्हणजे डावीकडची उजवीकडे गेली होती, उजवीकडची डावीकडे, आणि सुतळी मध्ये उगीचच ताणलेली होती. दादानं आईकडे पाहिलं. "तू सांग. नानांना चाललं असतं?"

आई थोरलीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच काही होतं. पाण्याच्या टाकीमागची अरुंद जागा, तिथं ओळीनं मांडलेल्या पिशव्या, पिशव्यांत काळवंडलेल्या काड्या, आणि त्यांच्यासमोर पाठ करून बसलेला तिचा नवरा. ती चहा घेऊन गेली होती. त्यांनी मान वर केली नव्हती. माणसाचं उघडं अंग चुकून दिसावं आणि आपण मागं फिरावं, तशी ती मागं फिरली होती.

"नानांनी काड्या घेतल्या होत्या," ती म्हणाली.

"काय?"

"ताईचं लग्न ठरलं तेव्हा. तिला द्यायला म्हणून. टाकीमागं लपवून बांधल्या होत्या कलमांच्या पिशव्या, आयत्या वेळी लेकीपुढं ठेवायच्या म्हणून. एक लागली नाही. पुन्हा बांधल्या. पुन्हा वाळल्या. लग्नाच्या दिवसापर्यंत चालू होतं त्यांचं."

ताई उभी होती ती खाली बसली, मातीतच.

"मग 'ती इथलीच' म्हणाले ते?"

"फाटकावर एवढी मोठी पाटी लावलेला माणूस. 'आमचं कलम वाळत नाही.' लेकीला काय सांगणार होता? जमलं नाही म्हणून? त्यापेक्षा नियम सोपा. नियम केला की कुणी कारण विचारत नाही."

ठिबकच्या टोकाचा थेंब तेवढा पडत होता. बाळनं जाऊन टाकीचा नळ बंद केला.

दादाच्या मनात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. नानांचं कलम वाळलं? त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं ते पाहिलं नव्हतं. "आई, काड्या कुठल्या घेतल्या होत्या त्यांनी?"

"कुठल्या म्हणजे? हिच्याच."

"तसं नाही. जाड होत्या, की बारीक?"

"बारीक. टोकाच्या, पार कोवळ्या. झाडाला कळूसुद्धा नये अशा. पहिल्यांदा बांधल्या तेव्हाच मी म्हटलं होतं, कुंडी टेकवून भेट-कलम का करत नाही, फांदी तोडावीच लागत नाही. तर म्हणाले, साल तरी तासावी लागतेच ना. हिला चाकू लावायचा म्हटलं की त्यांचा हात..." आईनं आपला हात हवेत धरला आणि थरथरवला.

दादा हसला. हसताना त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत. "टोकाची काडी लागत नाही गं, आई. पहिल्या दिवशी हेच शिकवलं त्यांनी मला. 'पेन्सिलीएवढी जाड घे. मधली घे. झाडाची कीव करत बसलास तर झाडाचंही भलं नाही आणि तुझंही.' कानाला धरून शिकवलं."

"दुसऱ्या झाडांसाठी शिकवलं," आई म्हणाली.

ताई उठली. नळावर गेली आणि हात धूत राहिली, माती निघून गेल्यावरही. परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि आवाज कोरडा.

"दादा, चाकू आण. आणि जाडच घे."

*

काम जाळीतल्या लांब टेबलावर सुरू झालं. कुठल्या जाळीत, यावर क्षणभर अडलं. मग आई हिरव्या जाळीकडे चालायला लागली आणि तो प्रश्न मिटला. साध्या तांबड्या जास्वंदीचे खुंट बाळनं आपल्याकडून आणले, टणक, जोमदार. वहिनी पिशव्या पुसून देत होती. मास्तरीण कलमपट्टीच्या धांदोट्या कापत होती, सगळ्या अगदी सारख्या.

दादानं थोरलीची पहिली फांदी धरली. मधली, पेन्सिलीएवढी. कात्री लावली आणि लावूनच उभा राहिला.

"करू का मी?" बाळ मागून म्हणाला. हळूच.

दादानं नकाराची मान हलवली आणि फांदी कापली. कट्‌कन आवाज झाला. आईनं डोळे मिटले आणि उघडले.

खुंटाचा माथा उडवायचा, मधोमध चीर द्यायची. काडीला दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत अशी बसवायची, की साल सालीला भिडली पाहिजे. एका माणसाला करता येतं. पण दादाची बोटं आज ओली होती, घामानं की कशानं, आणि पाचर निसटत होती.

"धर," तो म्हणाला.

"धरलंय," बाळ म्हणाला.

वाटणीनंतर भांडणाशिवाय दोघं एकमेकांशी बोलले ते हे पहिलंच. जाळीतल्या सगळ्यांना ते कळलं आणि सगळ्यांनी आपापल्या कामात मान आणखी खाली घातली.

"घट्ट धर."

"तू पट्टी ओढ ना नीट."

"ओढतोय. लहानपणीही तू असाच धरायचास, सैल."

"आणि तू लहानपणीही असाच खेकसायचास."

कलमं वाढत गेली. आई बुटक्या स्टुलावर बसून प्रत्येकावर पारदर्शक पिशवीची टोपी चढवत होती, आणि तिच्या नकळत तिच्या ओठांवर जुन्या चालीवर काहीतरी आलं, ती आत्ताच जुळवत होती तसं:

*लेक दिली दूर गावा, काडी दिली तिच्या हाती,*
*तिथं लागे तिचं मूळ, इथं ओली माझी माती.*

"ओली नको म्हणू, आई," बाळ म्हणाला. "ओलीनंच घात केलाय."

या वेळी दादा उघड हसला.

काही कुंड्या डावीकडे गेल्या, काही उजवीकडे. एक आईनं मांडीवर धरून ठेवली होती. ताई निघाली तेव्हा तिनं ती पुढं केली. "ही तुझी. उशीर झाला द्यायला."

ताईनं दोन्ही हातांनी घेतली.

"टोपी उघडून बघायची नाही," दादानं बजावलं. "नवं पान पिशवीला आतून टेकेपर्यंत नाही. सावलीत ठेव आणि विसरून जा. लागलं तर लागलं."

"आणि पाणी?"

"पाण्याचं," दादा इकडेतिकडे बघत म्हणाला, "नावसुद्धा काढायचं नाही. कुणीच."

*

ताई खरंच विसरली. वॉर्डात तापाची साथ आली आणि पाळ्यांवर पाळ्या लागल्या. कुंडी मोरीवरच्या खिडकीत, कपाटाच्या आडोशाला उभी राहिली. ताईच्या नवऱ्याला झाडांतलं काही कळायचं नाही, त्यामुळे त्यानंही हात लावला नाही. त्या काडीचं नशीब थोर.

दादाचा फोन आला तेव्हा ती नुकतीच घरी येऊन बूट काढत होती. बराच वेळ तो तिच्या तब्येतीची चौकशी करत राहिला. दादा कुणाच्या तब्येतीची चौकशी करत नसे.

"काय झालं, दादा?"

"थोरली गेली गं. बुंधा वाळला. काल मी आणि बाळनं उपटला. कुदळीला काही जोरच लागला नाही."

"आणि कलमं?" ताईनं विचारलं.

दादा खाकरला. मग मागून बाळचा आवाज, "सांग ना खरं!"

"माझी सगळी कुजली," दादा म्हणाला. "मी रोज सकाळी टोपी उघडून बघत होतो. राहवायचं नाही. तुझी वहिनी दुपारी उघडायची. वारा लागायला हवा म्हणाली."

"आणि माझ्याकडं," बाळनं फोन घेतला, "मास्तरीण थोडं थोडं शिंपडायची. आणि मी पण. वेगवेगळं. ताई, तुझं काय?"

ताई उठली. मोरीपाशी गेली. कपाटाचं दार बाजूला केलं. पिशवीच्या आत धुकं साठलं होतं, आणि त्या धुक्यातून एक हिरवा तळहात पिशवीला आतून टेकला होता.

ती वाकून आणखी जवळ गेली.

"ताई? अगं, बोल ना!"

"टेकलंय," ती म्हणाली. "पान टेकलंय रे."

पलीकडे दोन्ही भाऊ एकदम काहीतरी ओरडले आणि मागं आईचा आवाज आला, "आत्ताच काही मागू नका रे तिला!"

"द्यायचंच आहे," ताई म्हणाली. "ती वाढू दे. काडी पेन्सिलीएवढी झाली की कळवते. पण दोघांनी यायचं. एका गाडीनं."

*

हवा पालटली, आणि पुन्हा पालटली. मग ते आले, बाळच्या टेम्पोतून. पुढं दोघा भावांच्या मध्ये आई, मागं खुंटांच्या कुंड्या मांडीत धरून दोघी जावा. रात्री वस्तीला आले होते, सकाळी उजाडताच सगळे मोरीवरच्या खिडकीपाशी गर्दी करून उभे.

"सुतळी?" ताईनं वहिनीला हळूच विचारलं.

"बुंधा काढला तेव्हा सुटली. पुन्हा बांधायला कुणी गेलं नाही. कुंड्या मात्र अजून आपापल्या बाजूला आहेत हो." वहिनी जरा थांबली. "चहा एकीकडेच होतो."

जास्वंद कमरेएवढी झाली होती. तिला एकच जाड, सरळ फांदी होती, मधोमध, आणि त्या फांदीच्या टोकाला पहिली कळी. फुगलेली, तोंडाशी हळदीचा रंग दिसत असलेली. आज उमलणारी. बाकीच्या फांद्या बारीक होत्या, कोवळ्या.

दादानं कात्री काढली. कळी पाहिली आणि कात्री खाली केली. "टोकाच्या घेऊ. बारीकच घेऊ. तुझ्याकडचं पहिलं फूल आहे हे."

"हो हो," बाळ घाईघाईनं म्हणाला. "एखादी लागेल त्यातली."

ताईनं दादाच्या हातातून कात्री घेतली. फांदीला लावली. आणि तिचा हात थरथरायला लागला. मनगटापासून, आवरेना असा. तिनं त्या हाताकडे पाहिलं आणि तिला तो ओळखू आला. पुसलेला चाकू पुन्हा पुसत बसलेला तो हात.

आई तिच्याकडेच बघत होती.

"मधली घ्यायची," ताई म्हणाली, स्वतःलाच, आणि कात्री मिटली. कट्‌.

फांदीवरून कळी खुडून तिनं टेबलावर ठेवली आणि काडी दादाच्या हातात दिली. "दोन होतील हिच्यात. एक तू बांध, एक बाळ. टोप्या कुणी उघडायच्या नाहीत."

वहिनी भांड्यात पाणी घेऊन वळली, मास्तरीण पेला घेऊन. दोघींची नजर कळीवर.

"खबरदार," आई म्हणाली. "जास्वंदीला उमलायला पाणी लागत नाही."

मग कळी तशीच कोरड्या टेबलावर राहिली. दादा आणि बाळ एकाच चाकूवर वाकून कुरकुरत होते, "धर", "धरलंय". चहा उकळला, गाळला गेला, प्याला गेला. आणि कपबशा उचलताना मास्तरणीच्या लक्षात आलं. तिनं काही न बोलता ताईच्या कोपराला हात लावला.

कपांच्या मध्ये थोरली उमलली होती. हळदीची. दुपार आणि संध्याकाळ अजून व्हायची होती.